नॅचरल अ‍ॅक्शनच्या बैलाला!

शनिवार-रविवारला दोन दिवस रजा जोडून जालन्याला घरी जाऊन आलो. गेलो होतो मोसंबी खायला आणि दुपारी ताणून द्यायला, परत आलो ते डोकं तापवून. त्यामुळे या वीकेंडचं लिखाण जरा तिखट आहे. क्रिकेटमध्ये रस नसलेल्यांनीही वाचावं, कारण तुमच्यापैकी निम्म्यांची पोरं नाहीतर भाचे-पुतणे कुठल्या ना कुठल्या अ‍ॅकॅडमीत जातात आणि फी तुम्हीच भरता.

तर झालं असं. माझा भाचा चौदा वर्षांचा, नववीत. गेल्या वर्षभरात चांगला चार इंच वाढलाय, नुसता बांबू. फास्ट बोलर. रविवारी सकाळी साडेसहाला मला गदागदा हलवून उठवलं, "मामा, चला ना, माझी बोलिंग बघायला." गेलो. सिमेंटच्या पट्टीवर अंथरलेली मॅट, दोन नेट, साठेक पोरं आणि एकटे सर. मी प्लास्टिकच्या खुर्चीत चहा घेऊन बसलो.

आता आमच्या धंद्यातल्या माणसाला रिकामं बसता येत नाही. दिवसभर लॉग वाचायची सवय, काहीतरी मोजल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी भाच्याचे चेंडू मोजायला लागलो. साडेआठला सरांनी शिट्टी मारली तेव्हा आकडा होता १२६.

एकशे सव्वीस. म्हणजे एकवीस ओव्हर. या दोन तासांत सहा बॅट्समन आले आणि गेले. प्रत्येकाने आपली पंधरा मिनिटं खेळून पॅड सोडले, सावलीत बसून पाणी प्यायलं, मोबाइल बघितला. बोलर मात्र तोच! बॅट्समनची बारी ठरलेली असते, बोलरची नसते. आपल्याकडे बोलर म्हणजे पाय फुटलेलं बोलिंग मशीन.

परत येताना स्कूटरवर मागे बसला तेव्हा त्याचा डावा हात कमरेवर होता.

"काय रे, काय झालं?"

"काही नाय मामा. थोडं धरल्यासारखं होतं. बॉल टाकताना तेवढंच. नंतर जातं."

"किती दिवस झाले?"

"असतील दोन-तीन हप्ते."

माझ्या पोटात गोळा आला, कारण हे वाक्य मला पाठ आहे. २००४ साली, पंधरा वर्षांचा असताना, मी ते शब्दशः असंच म्हणालो होतो. तेव्हा झहीर खान आमचा देव होता. श्रीरामपूरचा पोरगा टीम इंडियात जातो, मग जालन्याचा का नाही जाणार, असा सरळ हिशोब. मी रोज दोन-दोन तास टाकायचो. डाव्या कमरेत दुखायला लागलं तेव्हा आधी बाम झाला, मग एका पहिलवानाकडून मालिश झाली. एका डॉक्टरांनी एक्सरे काढून "काही नाही, मसल आहे" म्हणून गोळ्या दिल्या. आमच्या तेव्हाच्या सरांनी "पळ, घाम काढ, मोकळं होईल" असा सल्ला दिला. मी पळलो. चार महिन्यांनी एका सकाळी चप्पल घालायला वाकलो आणि उठताच आलं नाही. मग एमआरआय. पाचव्या मणक्याच्या मागच्या हाडाला तडा. पुढचे सहा महिने कमरेला पट्टा, दहावीचं वर्ष गेलं खाटेवर. त्यानंतर मी कधी फास्ट टाकलं नाही. इंजिनीअर झालो, हे त्याचं साइड इफेक्ट. (आईच्या मते देवाची कृपा.)

माझं मोठं करिअर बुडालं असा माझा दावा नाही. मी जिल्ह्याच्या टीमपर्यंत पोचलो असतो की नाही, कोण जाणे. पण ते मला दुखण्याने नाही, खेळून कळायला हवं होतं.

आता जरा तांत्रिक. कंटाळू नका, उभे राहून करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. उजव्या हाताचा बोलर चेंडू टाकायला येतो तेव्हा आधी उजवा पाय टेकतो, मग डावा. उजवा पाय टेकताना तो आडवा, म्हणजे क्रीजला समांतर पडला, तर कंबरही आडवी राहते आणि खांदेही. याला साइड-ऑन म्हणतात. तोच पाय बॅट्समनकडे तोंड करून पडला तर कंबर समोर, खांदेही समोर. हे झालं फ्रंट-ऑन. दोन्ही चालतं. दोन्हींत मोठमोठे बोलर होऊन गेलेत.

गडबड होते ती तिसऱ्या प्रकारात. पाय आणि कंबर समोर, पण खांदे मात्र आडवे. किंवा पाय टेकल्यानंतर खांदे आणखी मागे फिरवले जातात, जास्त जोर मिळावा म्हणून. याला मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतात. करून बघा : पाय समोर ठेवा, खांदे उजवीकडे फिरवा, आता डावीकडे वाका आणि मागे रेला. कुठे ताण आला? डाव्या कमरेत खाली. बरोबर. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचे दोन बारीक पूल असतात, डॉक्टर त्यांना पार्स म्हणतात. उजव्या हाताच्या बोलरचा डावा पूल जातो, डावखुऱ्याचा उजवा. आणि ज्या क्षणी कंबर अशी पिळलेली, वाकलेली असते, नेमका त्याच क्षणी पुढचा पाय जमिनीवर आदळतो. मोठ्या बोलरांच्या मोजण्यांमध्ये हा दणका शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट भरतो. पोराचा चारच पट धरू. भाच्याचं वजन अठ्ठेचाळीस किलो. म्हणजे दर चेंडूला दोनशे किलोच्या आसपास. गुणिले १२६. पंचवीस टन होतात. आमच्या जालन्यात रोलिंग मिलच्या गेटातून एवढ्या सळया घेऊन अख्खा ट्रक बाहेर पडतो. हाडावरच्या ताणाची बेरीज अशी करत नाहीत हे मलाही कळतं, पण आकडा डोळ्यासमोर राहतो म्हणून सांगितला.

त्यात चौदा वर्षांच्या पोराचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. उंची झपाट्याने वाढत असताना तर फारच कच्चं. कमरेतल्या या हाडांना पूर्ण टणक व्हायला विशी उलटावी लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या विद्यापीठात ब्रूस इलियट, डॅरिल फॉस्टर वगैरे मंडळींनी ऐंशीच्या दशकापासून हेच अभ्यासलं : मिक्स्ड अ‍ॅक्शन अधिक भरमसाठ बोलिंग म्हणजे पाठीचं वाटोळं. चाळीस वर्षं होत आली या माहितीला. जालन्यापर्यंत फोर-जी पोचलं, फाइव्ह-जी पोचलं, ही माहिती अजून वाटेतच आहे.

मी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये भाच्याचे दहा चेंडू शूट केले. पाय समोर, खांदे आडवे, वर मागे आणखी एक पीळ. चेंडू सोडताना डोकं डावीकडे पार कलंडलेलं. चेंडूही त्यामुळे सारखा लेगला जात होता, पण तिकडे लक्ष कुणाचं? सगळ्यांचं लक्ष स्पीड गनवर. हो, अ‍ॅकॅडमीत स्पीड गन आहे! चेंडू मोजायला दहा रुपयांची वही मात्र नाही.

संध्याकाळी सरांना भेटलो. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. पहाटे पाचला उठून मैदानावर पाणी मारतो, गरीब पोरांची फी सोडून देतो. व्हिडिओ दाखवला. त्यांनी शांतपणे बघितला आणि म्हणाले, "नॅचरल अ‍ॅक्शन आहे त्याची. नॅचरलला हात लावला की पोरगं संपलं समजा."

इथे माझी सटकली.

नॅचरल म्हणजे काय हो? भाचा सहाव्या वर्षी ताईच्या घरासमोरच्या बोळात रबरी बॉलने टाकायला लागला. बोळ जेमतेम आठ फूट रुंद, एका बाजूला नळाचं चेंबर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची मोटरसायकल. रनअप तिरका घ्यावा लागतो, नाहीतर गुडघा फुटतो. पुढे टेनिस बॉल आला. तो हलका, मग वेगासाठी खांद्याला हिसका द्यायचा. झाली अ‍ॅक्शन तयार! यात निसर्गाचा संबंध काय? ही त्या बोळाची अ‍ॅक्शन आहे. नगरपालिकेने चेंबर दोन फूट पलीकडे बांधलं असतं तर याची 'नॅचरल' अ‍ॅक्शन वेगळी झाली असती. आणि गंमत बघा, बॅट्समनची बॅट वाकडी येत असेल तर हेच सर तासभर त्याचं कोपर धरून उभे राहतात. तिथे नॅचरल आड येत नाही!

"चालतंय ना, मग हात लावू नका" हे वाक्य आपल्या धंद्यात कोण म्हणतं, ठाऊक आहे ना? ज्याने ते कोड लिहिलेलं नाही आणि कधी उघडून वाचलेलंही नाही, तो.

मग नेहमीचा दाखला आला, बुमरा. "त्याची अ‍ॅक्शन कोणी बदलली का?" नाही बदलली. पण बुमराची पाठही बघा ना! २०१९ मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर. २०२२ मध्ये पुन्हा पाठ, टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप हुकला. मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला ऑपरेशन. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीच्या टेस्टमध्ये पुन्हा पाठ धरून बाहेर. आणि हे कधी, तर फिजिओ, ट्रेनर, स्कॅनिंग, प्रत्येक चेंडूचा हिशोब, सगळा फौजफाटा दिमतीला असताना. आमच्या पोराच्या दिमतीला कोण? बामची बाटली.

दुसरा दाखला कपिलचा. "कपिल पाजी दिवसभर टाकायचे, काही झालं नाही." अगदी खरं. १३१ टेस्ट, दुखापतीमुळे एकही चुकली नाही. पण कपिलचा फोटो काढून बघा हो एकदा. आडवा पाय, आडवी कंबर, आडवा खांदा, डाव्या हाताच्या वरून बॅट्समनकडे बघणारे डोळे. पुस्तकातला साइड-ऑन. कपिल हा सरांच्या बाजूचा साक्षीदारच नव्हे, तो माझा साक्षीदार आहे! शिवाय कपिल दिसतो, कारण तो टिकला. ज्यांची पाठ सोळाव्या वर्षी गेली त्यांचे फोटो कुठेच नाहीत. ते आता एमआयडीसीत, एलआयसीत, नाहीतर हिंजवडीत बसून असलं काहीबाही लिहितात.

आणि अ‍ॅक्शन बदलल्याने पोरगं संपतं म्हणे. डेनिस लिली. १९७३ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर मणक्याला तडे गेले. लोकांनी संपला म्हणून सोडून दिला. त्याने पट्टा बांधला, व्यायाम केला, अ‍ॅक्शन नव्याने बसवली आणि १९७४-७५ च्या अ‍ॅशेसमध्ये २५ विकेट काढल्या. कारकीर्द संपली तेव्हा ३५५. हाच लिली पुढे १९८७ पासून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये आपल्या पोरांना शिकवायला आला. आणि आपला झहीर? २००६ मध्ये टीमबाहेर होता. वूस्टरशरकडून काउंटी खेळायला गेला, रनअप कमी केला, शेवटची ती मोठी उडी काढून टाकली. त्या मोसमात ७८ विकेट. पुढच्या वर्षी ट्रेंट ब्रिजला इंग्लंडची वाट लावली, २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट. बोलर म्हणून तो मोठा झाला ते त्या बदलानंतर. (तरी त्याच वर्षी लॉर्ड्सवर त्याचा हॅमस्ट्रिंग गेलाच. जलद गोलंदाजी हा मुळात शरीराविरुद्धचा धंदा आहे. धोका शून्य होत नाही, कमी होतो.)

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. यात सगळंच फुकट मिळत नाही. पुढचा गुडघा ताठ राहिला तर वेग वाढतो, कारण धावण्याचा सगळा जोर तिथे अडतो आणि कमरेतून, छातीतून, खांद्यातून वर चढत मनगटापर्यंत जातो. गुडघा वाकला तर दणका मऊ होतो, वेगही मऊ होतो. हा सौदा आहे, आणि तो कुठे करायचा हे प्रत्येक बोलरचं वेगळं असू शकतं. पण खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवण्यात कसलाच सौदा नाही. त्यात गमावण्यासारखं काही नाही, आणि चौदाव्या वर्षी ते दोन-तीन महिन्यांत बसवता येतं. सरळ रेषेत रनअप, डावा हात वर आणि खाली कमरेकडे ओढणं, चेंडू सोडल्यावर गचकन न थांबता चार-पाच पावलं पळत जाणं. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. बाविसाव्या वर्षी मात्र तेच काम डोंगराएवढं होतं.

आणि अ‍ॅक्शन कितीही सुरेख असली तरी मोजल्याशिवाय काही खरं नाही. पॅट कमिन्स अठराव्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला पहिली टेस्ट खेळला, एका डावात सहा विकेट काढल्या. दुसरी टेस्ट कधी? मार्च २०१७, आपल्या रांचीत. मधली सव्वापाच वर्षं मुख्यतः पाठ सांभाळण्यात गेली. आणि तो ऑस्ट्रेलियाचा, जिथे हे शास्त्र जन्मलं!

२०१२ मध्ये न्यू जर्सीला ऑनसाइट होतो. शनिवारी करण्यासारखं काही नसायचं, म्हणून अपार्टमेंटमागच्या मैदानावर शाळकरी पोरांचा बेसबॉल बघत बसायचो. कळायचं काही नाही. एक बाई हातात छोटं काउंटर घेऊन बसायच्या, आपल्याकडे नामजपाला वापरतात तसलं. पिचरने चेंडू टाकला की टिक. एकदा बारा वर्षांचा एक पोरगा झकास टाकत होता, टीम जिंकत होती, आणि बाईंनी हात वर केला. पंच्याऐंशी झाले. कोचने मुकाट्याने पोराला बाहेर काढलं. पोरगं रडलं, आईबाप काही बोलले नाहीत. नंतर कळलं, लिटल लीगमध्ये २००७ पासून नियमच आहे. त्या वयाला दिवसाला ८५, आणि ६६ च्या वर टाकले तर चार दिवस सक्तीची विश्रांती. त्यांच्याकडे पाठ नाही, कोपर जातं. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ऑपरेशन झालेली पोरं आणि न झालेली पोरं यांची तुलना केली. हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांत ऑपरेशनची शक्यता छत्तीस पट निघाली. छत्तीस टक्के नाही, पट.

क्रिकेटमध्येही हे नवं नाही. इंग्लंडच्या बोर्डाने कित्येक वर्षं पंधराखालच्या फास्ट बोलरना मॅचमध्ये एका स्पेलला ६ ओव्हर आणि दिवसाला १२ ओव्हर अशी मर्यादा घातलेली आहे. नेटमध्ये ३६ चेंडू पुरे म्हणतात. छत्तीस! भाच्याने चहाचा माझा पहिला कप संपायच्या आत तेवढे टाकले होते.

सर शेवटी म्हणाले, "साठ पोरं आहेत, मी एकटा. कोणाकोणाचं मोजू?" हे मात्र मला पटलं. आणि इथेच मला आपल्याबद्दल बोलायचंय. आपण मोबाइल घेताना तीन दिवस रिव्ह्यू वाचतो. पोराच्या शाळेत वर्गात किती मुलं, एसी आहे का, विचारतो. अ‍ॅकॅडमीत मात्र पैसे भरून गेटवर सोडतो आणि वेग किती झाला तेवढं विचारतो. माझे दाजीच घ्या, शिकलेला माणूस, बी-बियाणांचा धंदा. कुठल्या वाणाला किती दिवसांनी किती पाणी, तोंडपाठ. पोरगा आठवड्याला किती चेंडू टाकतो विचारलं तर म्हणाले, "टाकतो की भरपूर!" त्यात कौतुक होतं. दुखण्याचं सांगितलं तर, "वाढीचं वय आहे, होतं तसं. गोळी दिलीय." चौदा वर्षांच्या पोराला दुखणं दाबायची गोळी देऊन मॅटवर पाठवणं म्हणजे आगीचा अलार्म वाजतोय म्हणून त्याची वायर कापणं. मी तेही म्हणालो. ताई रडायला लागली, दाजी गप्प झाले, जेवण तसंच राहिलं. असो.

पोरगा एका कमरेत, एकाच जागी, टाकतानाच दुखतं म्हणत असेल आणि दोन आठवडे ते जात नसेल, तर बोलिंग बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे. साध्या एक्सरेत सुरुवातीचा तडा बरेचदा दिसत नाही, हे माझ्या कमरेवरून सांगतो. लवकर पकडलं तर काही महिने विश्रांतीने हाड बहुतेक वेळा भरून येतं. तोवर बॅटिंग करू दे, स्लिपमध्ये उभा राहू दे.

भाच्याला वही घेऊन दिली. तो म्हणाला, "मामा, सर हसतील." म्हटलं, हसू दे. निघताना बसस्टँडवर हळूच विचारलंन, "मामा, तुमचं खरंच दिसलं नव्हतं का एक्सरेत?"

एमआरआयची वेळ येत्या मंगळवारी मिळालीय. रविवारी त्यांची मॅच आहे आणि सरांनी त्याला टीममध्ये घेतलंय, नवा चेंडू त्याचाच. मी काल रात्री दाजींना फोन केला. म्हणाले, "बघू." आत्ता शनिवारचे अकरा वाजलेत. मी हे लिहायचं थांबवून परत फोन लावतोय.